पिटी पालीचं घरचं घड्याळ

एक होती पाल. एवढीश्शी. नाव तिचं पिटी. राहायची अण्णांच्या घरी, तसबिरीच्या मागे.

अण्णांचं घड्याळ सोन्याचं. काय त्याचा थाट! अण्णा हात उशीवर ठेवून बसत. हात म्हणून हलवत नसत. घड्याळाला ओरखडा पडला तर?

पिटीला वाटलं, आपणही करू या असं घड्याळ. घरच्या घरी. नारळाच्या पातीचा पट्टा केला. केरसुणीच्या काडीचा काटा केला. वर तबकडी म्हणून बसवायचं एक पांढरं बटण. बसवायला गेली, आणि बटण निसटलं. टण टण टण, गडगडगड. गेलं बोक्याच्या पोटाखाली.

पिटीला रडूच आलं. एवढं खपून केलेलं घड्याळ, आणि बटणच नाही.

सुळुक सुळुक पिटी गेली बोक्याकडे.
"बोकोबा, बोकोबा, उठा ना. माझ्या घड्याळाचं बटण द्या ना."
बोका म्हणाला, "सोन्याच्या घड्याळासाठी उठलो असतो. घरच्या घड्याळासाठी कोण उठतंय? आधी दूध येऊ दे."

सुळुक सुळुक पिटी गेली म्हशीकडे.
"म्हैसताई, म्हैसताई, दूध दे ना.
बोका उठेना, बटण मिळेना."
म्हैस म्हणाली, "सोन्याच्या घड्याळासाठी दिलं असतं. घरच्या घड्याळासाठी कोण देतंय? आधी पेंड येऊ दे."

सुळुक सुळुक पिटी गेली गोदाकाकूंकडे. पेंडीची पाटी काकूंच्या हातातच होती. पण अण्णांनी सांगितल्याशिवाय काकू काडी हलवायच्या नाहीत.
"काकू, काकू, पेंड घाला ना.
म्हैस दूध देईना, बोका उठेना, बटण मिळेना."
काकू म्हणाल्या, "सोन्याच्या घड्याळासाठी घातली असती. घरच्या घड्याळासाठी कोण घालतंय? आधी अण्णांचा हुकूम येऊ दे."

सुळुक सुळुक पिटी गेली अण्णांकडे.
"अण्णा, अण्णा, काकूंना सांगा ना.
काकू पेंड घालीनात, म्हैस दूध देईना, बोका उठेना, बटण मिळेना."
अण्णांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "सोन्याच्या घड्याळासाठी सांगितलं असतं. घरच्या घड्याळासाठी कोण सांगतंय? आत्ता वाजलेत साडेनऊ. आधी दहा वाजू देत."

साडेनऊ? उजाडलं तेव्हाही साडेनऊ. ऊन डोक्यावर आलं, तरी साडेनऊ. पण सोन्याच्या घड्याळाला खोटं कोण म्हणणार?

सुळुक सुळुक पिटी चढली उशीवर.
"घड्याळराव, घड्याळराव, दहा वाजवा ना.
अण्णा काही सांगेनात, काकू पेंड घालीनात, म्हैस दूध देईना, बोका उठेना, बटण मिळेना."
घड्याळ म्हणालं, "मी सोन्याचं. मी मिरवायचं. चालायचं कशाला? हात हलला तर चालतो आम्ही. आधी हात हलू दे."

आली का पंचाईत! अण्णा हलतील दहा वाजता. दहा वाजतील अण्णा हलल्यावर. बसा आता.

सुळुक सुळुक पिटी गेली डासाकडे.
"डासभाऊ, डासभाऊ, अण्णांना चाव ना.
घड्याळ पुढं चालेना, अण्णा काही सांगेनात, काकू पेंड घालीनात, म्हैस दूध देईना, बोका उठेना, बटण मिळेना."
डासानं सोन्याचं घड्याळ कधी बघितलंच नव्हतं. घरचं काय नि सोन्याचं काय, त्याला सगळं सारखंच. त्यानं एवढंच विचारलं, "मला खाशील का?"
पिटीनं जीभ आत ओढली. भूक तर लागली होती. बटण जास्त हवं होतं.
"नाही खाणार."

गुं गुं गुं, चट्ट!
"आई गं," अण्णा ओरडले. हात झटकला. डास पुन्हा चावला. हात पुन्हा झटकला. झटक झटक, चट्ट चट्ट. टिक टिक, टिक टिक. काटा सरकला. वाजले दहा!

हात हलला, घड्याळ चाललं.
घड्याळ चाललं, अण्णांनी सांगितलं.
अण्णांनी सांगितलं, काकूंनी पेंड घातली.
काकूंनी पेंड घातली, म्हशीनं दूध दिलं.
म्हशीनं दूध दिलं, बोका उठला.
बोका उठला, बटण मिळालं!

पिटीनं बटण बसवलं. बटणाला चार भोकं. बारा, तीन, सहा, नऊ. बाकीचे आकडे हवेत कुणाला? पिटीनं घड्याळ पायात बांधलं. काय छान दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी अण्णा मच्छरदाणीत जाऊन बसले. हात उशीवर. सोन्याचं घड्याळ पहाटेच्या पाचावरच गाढ झोपलं.

बोका भुकेला. म्हैस भुकेली. काकू पाटी घेऊन उभ्या. सगळे आले तसबिरीखाली. बोका लाजत लाजत म्हणाला, "पिटीताई, किती वाजले गं?"

पिटीनं मान बाहेर काढली.
"घरच्या घड्याळाला कोण विचारतंय?"
"आम्ही," बोका म्हणाला.
"आम्ही," म्हैस म्हणाली.
"आम्हीच गं बाई," काकू म्हणाल्या.

मग पिटीनं नऊच्या भोकापुढं काटा सरकवला. बोटानं. एवढास्साच.
"दहा," ती म्हणाली.

आणि वाजले की दहा! पेंड आली, दूध आलं. अण्णांच्या मनगटावर अजून सकाळच व्हायची होती.

पिटी गेली भिंतीवर, आता तुम्ही या पाटावर.