शेवंतीची लाखोली

एका गावात एक फुलारीण राहत होती, आणि देवीच्या गळ्यात पडणारी प्रत्येक माळ तिच्याच हातची असे. तिच्या सासूने हेच केलं, आजेसासूनेही हेच. गावात त्या हातांना मान होता.

एका कार्तिकात, शेवंतीच्या भरात, त्याच हातांना खाज सुटली. आधी बारीक पुटकुळ्या, मग लाल चट्टे, मग कातडी भेगाळून पाणी येऊ लागलं. लोक त्याला इसब म्हणतात. पण फुलारणीच्या मनात वेगळाच शब्द आला: कोप. देवीच्या माळा ओवणारे हातच नासले, मग दुसरं काय असणार?

घाबरलेलं माणूस सगळ्यात आधी लपवायला लागतं. तिचे हात पदराखाली गेले. टोपली देवळाच्या पायरीवर ठेवून, गुरव बाहेर यायच्या आत ती परत फिरे. गावाला कळलं तर माळांचा मान जाईल, ही भीती होतीच. पण मोठी भीती घरात होती. तिला चार वर्षांची लेक होती, ठकू. आपलं दुखणं पोरीला लागेल म्हणून ती तिला जवळ घेईना. ठकू धावत आली की ही मागे सरे. "तिथूनच बोल गं," असं ती म्हणे.

कडुलिंबाच्या पाण्याने हात धुतले, हळद लावली. चार घटका बरं वाटे, पुन्हा तेच. शेवटी तिने नवस बोलला: देवीला शेवंतीची लाखोली वाहीन. लाख फुलं, रोज हजार, एकेक फूल स्वतःच्या हाताने खुडून. हात जितके चिडत, तितक्या भक्तीने ती खुडत राही.

चाळीस दिवस झाले आणि तिचे सासरे वारले. सुतक आलं. दहा दिवस फुलाला शिवायचं नाही, देवळाची पायरी चढायची नाही. आणि नवव्या दिवशी पाहते तर भेगा भरून आलेल्या. दुसरी कोणी असती तर हरखली असती. हिच्या अंगावर काटा आला. 'देवीपासून लांब गेले की मी बरी होते. म्हणजे तिला मी नकोच आहे.' सुतक फिटलं, ती पुन्हा फुलं खुडायला बसली, आणि दोन दिवसांत हातांची आग आग झाली.

त्याच आठवड्यात ठकूच्या मनगटावर एक लाल फोड दिसला. दुखणं पोरीला लागलंच, असं फुलारणीला वाटलं. हातांना फडकी गुंडाळून तिने पोरीला उचललं आणि शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या वैद्याचं दार गाठलं.

वैद्याने मनगट पाहिलं. "डास चावलाय हिला. तुझ्या हातांना काय झालंय?"

"काही नाही, वैद्यबाबा."

"काही नाही, त्याला एवढी फडकी?"

मग मात्र तिने फडकी सोडली आणि रडत रडत सगळं सांगितलं. सुतकाचंही सांगितलं, अगदी हळू आवाजात. "देवीचा कोपच ना हा?"

"विचारून बघू," वैद्य म्हणाला. त्याने तिच्या डाव्या दंडावर शेवंती बांधली आणि उजव्यावर जास्वंद. "परवापर्यंत सोडू नकोस. दोन्ही फुलं देवीला चालतात. तिचा राग असेल तर दोन्हीकडे पुरळ उठेल."

ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. डाव्या दंडाला पहिल्याच संध्याकाळी खाज सुटली. आता उजव्यावरही तेच असेल तर सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी वैद्य गाठ सोडू लागला तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"बघ," वैद्य म्हणाला.

उजवा दंड स्वच्छ होता.

"तुझ्या कातडीचं आणि शेवंतीचं आता पटत नाही, एवढंच. देवीला मध्ये ओढू नकोस. आणि हे दुसऱ्याला लागत नाही, पोरीला खुशाल जवळ घे." त्याने शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप वाटीत दिलं. "हे लाव. पण रोज निखारा उचलायचा आणि वर तूप चोळायचं, याला औषध म्हणत नाहीत. आधी शेवंती सोड."

"आणि नवस? मोडला तर?"

"राहिलेली लाखोली तांदळाच्या दाण्यांनी वाहा. देवीने शेवंतीच मागितली होती का?"

मागितली नव्हती. नवस फुलारीण आपल्या मनानेच बोलली होती.

दुसऱ्या दिवशी ती पायरीवरून परत फिरली नाही. गुरवासमोर तिने दोन्ही हात उघडे केले. "वहिनी, एवढं सोसलंत आणि बोलला नाहीत?" गुरव इतकंच म्हणाला. त्या दिवसापासून शेवंतीच्या माळा तिचा नवरा ओवू लागला आणि जास्वंदीच्या ती. महिन्याभरात हात निवळले.

पण त्याआधी, वैद्याकडून घरी आल्या आल्या, तिने अंगणात बसून ठकूला हाक मारली होती. ठकू धावत आली, सवयीने दोन पावलं अलीकडे थांबली आणि हात पाठीमागे धरून म्हणाली, "आई, इथूनच बोलू?"

ती दोन पावलं फुलारणीनेच टाकली.

तात्पर्य: दुखणं झाकू नये, त्याचं कारण शोधावं; भीतीला कारण विचारलं तर ती शाप सांगते, आणि तो शाप आपल्याबरोबर आपली माणसंही भोगतात.