सारूआजीचा क्रूस

"शनिवार की रविवार, बाबा? एक काय ते सांगून टाका."

शांतवनबाबांनी मान वर केली नाही. चर्चमागच्या कडुलिंबाखाली पोतं अंथरून ते एका लाकडी क्रुसाला पांढरा रंग देत बसले होते.

बाबा मंडळीचे जुने पाळक. आता उपासना चालवणं त्यांच्यानं होत नसे. पण गावातल्या ख्रिस्ती घरांत शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता. म्हणून तर योएल आला होता. लहानपणी बाबांच्याच पाटीवर अक्षरं गिरवलेला, आणि आता परदेशातून धर्मशास्त्र शिकून परतलेला.

"आज्ञा दगडावर कोरलेली आहे, बाबा. विसाव्याचा दिवस सातवा, म्हणजे शनिवार. पहिला नव्हे. देवानं ती कधी पुसली?"

"नाही पुसली."

"मग रविवार आला कुठून?"

"प्रभूच्या कबरेवरून. बाया पहाटे उठून गेल्या, तर धोंडा बाजूला सरकलेला. तो आठवड्याचा पहिला दिवस. रविवारवाल्यांचे एलिया पंच हेच सांगतात ना?"

"प्रभू उठला म्हणून आनंद करा की! आज्ञा कशाला हलवता? आणि सातव्या दिवशी तो स्वतः कबरेत विसावला होता, हे पंच का सांगत नाहीत?"

"हे मात्र छान बोललास."

"म्हणजे माझं खरं?"

"तुझंही."

योएलनं कपाळावर हात मारला. "बाबा, 'तुझंही' नको. मंडळी दुभंगली आहे. आम्ही शनिवारी जमतो, तर पंचांची माणसं आम्हाला शनीचे भगत म्हणतात. परवा कुणीतरी आमच्या दारात तेलाची वाटी ठेवून गेलं."

बाबांच्या मिशीत हसू हललं. "आणि तुम्ही त्यांना काय म्हणता?"



"...मटणवाले."

"का रे?"

"रविवारी त्यांचं अर्धं लक्ष घरच्या पातेल्यात असतं म्हणून."

बाबा हसले. मग हसू ओसरलं, आणि ते पुन्हा रंग देऊ लागले.

"येत्या शनिवारी घंटा तुम्ही वाजवा, बाबा. तुमचा हात दोराला लागला की सगळे येतील. मंडळी एक होईल. मी यासाठीच परत आलो. मला तिकडं राहता आलं असतं."

"ठाऊक आहे, पोरा."

"मग?"

"आधी हे एवढं लिहून दे. माझा हात कापतो. तुझं अक्षर चांगलं."

बाबांनी क्रूस त्याच्यापुढे सरकवला. काळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश दिला.

क्रूस सारूआजीचा होता. काल संध्याकाळीच तिला माती दिली होती. मागंपुढं कुणी नसलेली म्हातारी. मंडळीतली प्रत्येक बाई दळायला बसण्याआधी मूठभर बाजरी तिच्या नावानं बाजूला काढायची. उपासना सुटली की ती बाजरी घेऊन सगळे मिळून तिच्या दारी जायचे. आजीला चर्चपर्यंत चालवत नव्हतं, म्हणून दारातच एक गीत म्हणायचे. ही रीत बाबांनीच घालून दिली होती.

योएलनं नाव लिहिलं. सुंदर, ठसठशीत. बाबा बघत राहिले.

"आता वार."

या मंडळीत क्रुसावर आधी वार लिहीत आणि मग तारीख. जुन्या माणसांना तारखा कुठल्या ठाऊक? ती वारांवरच जगलेली.

योएलनं ब्रश बुडवला. "सोमवार."

"सोमवारी ती सापडली."

"मग..."

"डॉक्टर म्हणाले, आधीच गेलेली. कधी, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. अंगात ताप असणार. उशाचा तांब्या कोरडा होता."

ब्रश लाकडापासून बोटभर अंतरावर थांबला.

"शनिवारी तुम्ही गेला असाल ना तिच्याकडे?" बाबांनी विचारलं. आवाज साधाच होता. "तेव्हा कशी होती?"

योएल ब्रश डबीच्या काठावर निपटत राहिला.

"योएल?"

"शनिवारी... माझं प्रवचन लांबलं, बाबा. आज्ञेवरच होतं. आणि आम्हाला वाटलं, बाजरी चर्चमध्ये जमते, चर्च रविवारी त्यांच्याकडं... तर तेच जातील."

"हं."

"ते गेले नाहीत?"

"एलिया पंच काल कबरेजवळ रडत होते. त्यांना वाटलं, शनिवारवाले आदल्या दिवशी जाऊन आले असतील. नव्या उमेदीची पोरं, चुकायची नाहीत."

लिंबाची पिकली पानं गळत होती. एक ओल्या रंगावर येऊन चिकटलं. दोघांनीही ते काढलं नाही.

"आणि तुम्ही, बाबा?" योएलनं खाली बघत विचारलं. "तुम्ही तर इथंच होतात."

"मी?"

बाबांनी हात धोतराला पुसले. रंग निघाला नाही, तरी पुसत राहिले.

"मी इथं झाडाखाली बसून मनात हसत होतो. म्हटलं, आता गावात दोन दोन शब्बाथ, दोन दोन उपासना. सारूची चंगळ आहे."

...

योएलनं पुन्हा ब्रश उचलला. बुडवला. हात पुढं नेला. काळा थेंब नावाखाली पडला आणि पांढऱ्या लाकडावरून हळूहळू ओघळला.

"मला लिहिता येत नाही, बाबा."

"अक्षर तर चांगलं आहे तुझं."

"शनिवार लिहू की..."



बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी पाटीवर 'श' चुकला की बघायचे, तसंच.

"जागा कोरी सोडू का?" योएल म्हणाला.

"सोड," बाबा म्हणाले. "पण मोठी सोड, पोरा. दोन्ही वार मावले पाहिजेत."