पाळणा आणि विहीर

एका राज्यात वीरध्वज राजाला मूल होईना. कपालदंत मांत्रिकाने मंत्र दिला आणि मोबदल्यात तेच मूल मागितले. राणी हेमगर्भेला मुलगा झाला आणि राजाने शब्द फिरवला. मांत्रिक रागावला नाही, हेच वाईट. त्याने राज्याच्या भाषेतून ‘पाळणा’ आणि ‘विहीर’ असे दोन शब्द उचलले, त्यांचे अर्थ एका कवटीत ओतले आणि बोटाने ढवळले.

तेव्हापासून कुणालाच दोघांतला फरक कळेना. आया अंगाई म्हणत लेकरे विहिरीत निजवू लागल्या. पाणी हलत नसे, मूल दिसत नसे, आणि आई समाधानाने घरी जाई. सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो.

शाप माणसांच्या भाषेला होता, पाखरांच्या नव्हे. बारशाच्या सकाळी राजा, प्रधान आणि नणंदेसोबत राणी बाळाला घेऊन महालातल्या विहिरीकडे निघाली, तेव्हा तिची साळुंकी म्हणाली, “राणीसाहेब, तिथे निजलेले मूल उठत नाही.”

विहिरीपाशी राणीने पाऊल आवरले. पण फरक काही केल्या दिसेना.

काठावर कपालदंत बसला होता. “दोघांतला फरक सांगा. तीन उत्तरे ऐकेन. तिन्ही चुकली तर बाळ माझे.”

राजा म्हणाला, “एक लाकडी, एक दगडी.”

“दगडाचा घडवला तरी पाळणा तो पाळणाच. चूक.”

प्रधान म्हणाला, “एक घरात, एक बाहेर.”

“ही विहीर महालातच आहे. चूक.”

आता राणीच उरली. बारशाला एकीने पाळण्यावरून बाळ द्यावे, दुसरीने खालून घ्यावे, ही रीत. बाळाला घट्ट धरून ती नणंदेला म्हणाली, “वन्सं, बारसे करू या. तुम्ही खालून घ्या.”

नणंद विहिरीभोवती फिरली, वाकली, दगड चाचपले. मग रडवेली होऊन म्हणाली, “वहिनी, इथे खालून घ्यायला जागाच नाही.”

राणीने मांत्रिकाकडे पाहिले. “हाच फरक. पाळण्याखाली कुणाचा तरी हात असतो. विहिरीखाली कुणाचाच नसतो.”

कवटी तडकली. कपालदंत दचकून मागे सरला आणि विहिरीत गेला. तेव्हाही पाणी हलले नाही.

मग राज्यातल्या विहिरीविहिरींतून रडणे ऐकू आले. आयांनी दोर सोडले, पोहऱ्यांत बसून लेकरे वर आली, अगदी कोरडी. सगळे सुरळीत झाले. पण आजही बारशाला बाळ सुखरूप हाती आले, तरी तिथल्या बायका पाळण्याखालचा हात लवकर काढत नाहीत. ते हात जशी त्यांची लेकरे राखतात, तशी तुमची आमचीही राखोत.