रुमालाखालचा भाव

मागे बसलेल्यांनो, पुढे या. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची नसते आणि लांब बसून ऐकायचीही नसते. का, ते शेवटी कळेल.

फार वर्षांपूर्वी, धान्य पायलीने मोजत आणि भाव आण्यांत होत त्या काळी, बोरवंडचा गुरुवारचा बाजार या करंजाखालीच भरायचा. नदीकाठच्या काळ्या रानातली ज्वारी इथे यायची, आणि वर डोंगरातल्या आमच्या वाडीतून कोंबड्या आणि अंडी यायची. डोंगरात ज्वारी होत नव्हती. कोंबडं-अंडं विकायचं आणि त्या पैशाची ज्वारी घेऊन वर चढायचं, असा आमच्या वाडीचा संसार होता.

आता बाजार म्हटला की भाव आला. पण इथला भाव कुणाच्या कानावर पडतच नसे. सौदा करणारे दोघे समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खालून बोटं धरायचे. एक बोट धरलं तर एक आणा, चार धरली तर चार. माना हलल्या की सौदा झाला. भाव तोंडाने बोलला तर त्याला दृष्ट लागते, कोंबड्यांवर मानमोडी येते, कणसात दाणा भरत नाही, असं म्हणत. हे शहाणपण कुणी काढलं असेल? ज्यांच्या खांद्यावर रुमाल होता त्यांनी. आणि ज्यांच्या डोक्यावर ओझं होतं त्यांनी ते मुकाट्याने मानलं.

त्यात बाईने रुमालाखाली हात घालायचा नाही. परक्या पुरुषाची बोटं धरायची म्हणजे काय, अब्रू जाते! कोंबडी तिने वाढवायची, मुंगसापासून राखायची, खुडूक बसली की पिलं निघेतो जपायची, आणि भाव करायला मात्र दुसऱ्याने बसायचं. तो दुसरा म्हणजे बाळोजी दलाल. बाई पाच-सहा हातांवर पदर सावरून उभी राहायची. बाळोजी तिच्या वतीने कोंबडी विकायचा आणि तिच्या वतीनेच ज्वारी घ्यायचा. रुमालाखाली काय झालं ते त्याला ठाऊक आणि त्याच्या बोटांना. कुंपणाने शेत खायचं ठरवलं तर त्याला याहून चांगली सोय कुठे मिळणार?

आमच्या वाडीची जिऊबाई या बाजाराला यायची. सगळ्या वाडीच्या कोंबड्या आणि अंडी एकाच मोठ्या डालग्यात घालून, डोक्यावर घेऊन ती डोंगर उतरायची. उंच बाई, तरुणपणीच नवरा गेलेला, जिभेला हाड नाही. डालग्याला तिचा हात लागत नसे, नुसती मान ताठ. असं म्हणतात, एकदा कड्यावर तिचा पाय घसरला, ती चार हात खाली गेली, पण डालगं तिथल्या तिथे हवेत थांबलं. ती उठली, लुगडं झटकलं, परत त्याच्याखाली जाऊन उभी राहिली आणि चालू लागली. एक अंडं फुटलं नाही. असं म्हणतात.

पण अंडी शाबूत नेऊन उपयोग काय? खालून येताना ज्वारी दर गुरुवारी कमीच होत चालली होती. डालगं भरून न्यायचं आणि गाठोडं घेऊन यायचं. बायका आधी हळू बोलायच्या, मग मोठ्याने बोलू लागल्या. बाळोजीला कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना दिसायची ती जिऊच.

सगुणा नावाची एक नवी बाळंतीण होती. अंगावर पिणारं पोर आणि घरात दाणा नाही, त्यामुळे दूध आटत चाललेलं. तिने तिचा कोंबडा दिला आणि जिऊने त्याची अधोलीभर ज्वारी आणली. अधोली म्हणजे अर्धी पायली, दोन-तीन दिवसांच्या भाकरी. सगुणाने ती सुपात घेतली, ज्वारीकडे पाहिलं आणि जिऊकडे पाहिलं.

"जिऊमावशी, एवढा मोठा कोंबडा गेला आन् ही एवढीच? वाटंत कुठं बसून खाल्लीस गं?"

सगळ्या वाडीला शिव्या घालणारी जिऊ त्या दिवशी डालगं उचलून निघून गेली. चोर म्हणाली तिला ती पोरगी, आणि पोरीच्या मांडीवरचं बाळ कोरड्या छातीला तोंड लावून रडत होतं. मग शिवी कुणाला द्यायची?

पुढच्या गुरुवारी सगुणाकडे एकच कोंबडी उरली होती. ठिपक्याठिपक्यांची, अंड्यावरची. जिऊ ती मागायला दारात गेली.

"ठिपकी दे. येताना दोन पायल्या आणीन. न्हाई आणल्या तर ठिपकी माघारी आणीन. आन् दोन्ही न्हाई जमलं तर मी या वाडीत पाय ठेवणार न्हाई."

सगुणाने कोंबडी दिली. नाही म्हणायला तिच्याकडे दुसरं होतं काय?

बाजारात बाळोजी नेहमीसारखा ऐसपैस बसला होता. शहराकडचा एक व्यापारी कोंबड्या घ्यायला आला होता. ठिपकी पाहून त्याने मान डोलावली, बाळोजीने रुमाल टाकला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि बाळोजी हात काढून मागे वळला. जिऊ पुढे झाली, मटकन खाली बसली आणि तिने रुमालाखाली हात घातला.

व्यापाऱ्याची नजर ठिपकीवर, त्याला कळलंही नाही. जन्मभर खुरपं आणि जातं धरलेला हात तो, बाळोजीच्या हाताहून राठ. त्याने त्या हाताची बोटं धरली. एक, दोन, तीन, चार.

चार आणे. गेल्या गुरुवारी याहून मोठ्या कोंबड्याचे बाळोजीने तिला दोनच आणे दिले होते.

बाळोजीने वळून पाहिलं तोवर ती उठून गेलीसुद्धा होती. पलीकडे ज्वारीच्या राशीवर दुसरा रुमाल पडलेला होता. तिथे एक शेतकरी आणि एक गिऱ्हाईक बसले होते. जिऊने त्यातही हात घातला. शेतकऱ्याने गिऱ्हाइकाचा म्हणून तिचाच हात धरला आणि पायलीचा भाव सांगितला. दोन बोटं. बाळोजी तिला पायलीचे चार आणे सांगायचा.

म्हणजे चार आण्यांची कोंबडी रुमालाखालून निघेपर्यंत दोन आण्यांची व्हायची, आणि दोन आण्यांची पायली चारची. जिथे दोन पायल्या यायच्या तिथे अधोली यायची. आणि वाडीत चोर कोण? तर जिऊ.

लोक जमले. बाईने रुमालाखाली हात घातला, म्हणून जमले. चोरी झाली म्हणून कुणी जमलं नव्हतं. बाळोजी उभा राहिला.

"जिऊबाई, लाज हाय का न्हाई? बाईमाणसानं परक्या गड्याचा हात धरायचा?"

"माझ्या डोक्यावरची अंडी तुमच्या पोटाला चालत्यात," जिऊ म्हणाली, "आन् माझा हात तेवढा बाटका? भाव बोला, बाळोजी. तोंडानं बोला."

"भाव बोलत न्हाईत. दिष्ट लागती."

"मग मी बोलते."

ती करंजाखालच्या दगडावर चढली आणि ओरडली. कोंबडी चार आणे! ज्वारी दोन आणे पायली! असं म्हणतात, तो आवाज डोंगरावरच्या आमच्या वाडीत ऐकू गेला. जात्यावर बसलेल्या बायकांचे हात थांबले. सगुणाच्या मांडीवरचं बाळ रडायचं थांबलं.

बाळोजीने माणसं बोलावली. बाई बिथरली, बाहेरचं काहीतरी लागलं, असं त्यानेच आधी म्हटलं. त्यांनी जिऊला दगडावरून खेचलं, खाली बसवलं आणि तिचंच डालगं तिच्यावर पालथं घातलं. कोंबडी झाकतात ना, तशी झाकली. आतून ती बोलतच राहिली. कोंबडी चार आणे. ज्वारी दोन आणे. मग त्यांनी डालग्याभोवती आणि डालग्यावर ज्वारीची पोती रचली. एक, मग दुसरं, मग आणखी. आवाज बारीक झाला.

आणि बाजार चालू राहिला. ऐका नीट, बाजार चालू राहिला. त्या पोत्यांच्या शेजारी बसून लोकांनी मिरच्या घेतल्या, मीठ घेतलं, पोरांना शेव-चुरमुरे घेतले. रुमाल पडत होते, बोटं धरली जात होती, माना हलत होत्या. कोण होते हे लोक? बाहेरून आले नव्हते. तुमचेच होते, आमचेच होते. सगळ्यांना ऐकू येत होतं आणि कुणालाही ऐकू येत नव्हतं.

दुपारी पोत्यांखालचा आवाज थांबला.

तेव्हा ठिपकी आरवली. पाय बांधलेली, धुळीत पडलेली अंड्यावरची कोंबडी मान वर करून कोंबड्यासारखी आरवली. कोंबडी आरवली की घरावर संकट, म्हणून लोक तिची मान मुरगळतात. पण हिची मुरगळायला कुणी उठण्याआधी दुसऱ्या टोकाला दुसरी आरवली, मग तिसरी, मग बाजारातल्या सगळ्या टोपल्या, सगळी खुराडी, विकलेल्या आणि न विकलेल्या सगळ्या कोंबड्या एकदम आरवू लागल्या. बैल दावी तोडून पळाले. आणि असं म्हणतात, त्या घटकेपासून हातावर टाकलेला रुमाल हातावर राहीना. वारा नव्हता, करंजाचं पान हलत नव्हतं, तरी टाकला की रुमाल सरकून खाली पडायचा. दोन माणसांची बोटं उघडी पडायची आणि दोघांनाही लाज वाटायची. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या दिवशी भर दुपारी लोकांना कळलं.

तोवर सगुणा पोटाशी बाळ बांधून डोंगर उतरून आली होती. ती आवाज ऐकून निघाली होती. तिने ठिपकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझी मावशी कुठंय?"

ज्याने त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग तिला पोत्यांखालून डालग्याची कड दिसली. तिने एकटीने पहिलं पोतं ओढलं आणि ती मागे पडली, कारण पोतं रिकामं होतं. दुसरंही रिकामं. तिसरंही. सगळी ज्वारी डालग्याच्या विणीतून आत उतरली होती. बाजारातल्या बायका आता धावल्या, त्यांनी डालगं उचललं. खाली ज्वारीची रास होती, पांढरीशुभ्र, कंबरेइतकी उंच. त्यांनी हातांनी रास उकरली, जमीन लागेपर्यंत उकरली.

जिऊ तिथे नव्हती.

असं म्हणतात, ती दाण्यात मिसळली. असं म्हणतात, ती ठिपकीच्या गळ्यात शिरली. असं म्हणतात, देवीच ती, आली तशी गेली.

कोण म्हणतं? मी लहान असल्यापासून हे ऐकते आहे आणि लहान असल्यापासून मला याचा राग येतो. जितीजागती बाई होती ती. तिला भूक लागायची, तिचे गुडघे दुखायचे. तिला झाकलं, तिच्यावर पोती टाकली, आणि सगळ्यांनी मिळून चुरमुरे खाल्ले. नंतर तिला देवी करायला काय जातं? कुंकू स्वस्तच असतं. दाण्यात मिसळली म्हटलं की कुणाला काही विचारायला नको. बाळोजीला तर नकोच होतं. तिला देवी म्हणून पहिले हात त्यानेच जोडले, असंही म्हणतात, आणि हे मात्र मला खरं वाटतं.

सगुणाने हात जोडले नाहीत. तिने मापाऱ्याला पायली मागितली, त्या राशीतल्या दोन पायल्या भरभरून मोजून घेतल्या आणि बाकी रास तिथल्या बायकांना वाटून दिली. ठिपकीचे पाय सोडले. वर जाऊन ती ज्वारी दळली आणि रडत रडत तिच्या भाकरी खाल्ल्या, कारण बाळाला दूध पाहिजे होतं. तिला दूध आलं. ते बाळ जगलं. त्या बाळाच्या वंशातली मी.

आणि पुढच्या गुरुवारी बाजार भरायच्या आधी सगुणा येऊन त्या दगडावर उभी राहिली.

तेव्हापासून आजतागायत बोरवंडच्या बाजारात कुणी खांद्यावर रुमाल टाकून शिरत नाही. शिवेवरच्या बाभळीला लटकवायचा आणि मग आत यायचं, मग तो दलाल असो की आमदार. गुरुवारी सकाळी करंजाखाली एक डालगं पालथं ठेवलेलं असतं. आमच्या वाडीची एक बाई ते उचलते, दगडावर चढते आणि भाव ओरडते. आधी जिऊचा भाव, मग त्या दिवसाचा, अंड्यांचा, कोंबडीचा, ज्वारीचा. मग ती विचारते, ऐकू आलं का? बाजाराच्या पार शेवटच्या टोकाकडून "आलं" असं उत्तर आल्याशिवाय कुणाच्या पोत्याचं तोंड सुटत नाही. मोबाइलवर भाव कळतो आता, कशाला घसा फोडता, असं मागच्या वर्षी एका अडत्याने हसून म्हटलं. त्याची पोती दुपारपर्यंत बांधलेलीच राहिली.

गेली काही वर्षं दगडावर मी चढते. कुणी डालग्याला हळदकुंकू वाहायला आलं की मी हाकलून देते. हात जोडू नका म्हणते. त्या दिवशी हात मोकळे होते तेव्हा काय केलंत?

म्हणून म्हटलं, मागे बसू नका. आता विचारते.

कोंबडी चार आणे. ज्वारी दोन आणे पायली.

ऐकू आलं का?