उंडीमहाराजांचे उपरणे

खारवेळच्या खाडीकाठी, जिथे पैलतीराला नेणारी तर, म्हणजे मोठी सपाट होडी, लागत असे, तिथे उंडीचे एक जुने झाड होते. महाराजांनी त्याच्या बुंध्याशी आसन मांडले ते बारा वर्षे हलवले नाही. भाविक त्यांना उंडीमहाराज म्हणू लागले. एक पंचा नि एक उपरणे, एवढाच त्यांचा संसार!

त्या तरीची साफसफाई येसूकडे होती. तिचा नवरा त्याच तरीवर तांडेल, म्हणजे मुख्य नावाडी होता. फळ्यांवर धरलेल्या शेवाळावरून एकदा त्याचा पाय घसरला, डोके कठड्यावर आपटले आणि खाडीने त्याला नेले. तेव्हापासून दरवर्षी पावसाळ्याआधी फळ्यांना तेल द्यायची वेळ आली की येसू नारळाचे सोडण घेऊन गुडघ्यांवर बसे. रिठ्याचे पाणी शिंपडून फळी न् फळी घाशी, फटींतला चिखल काडीने कोरून काढी. ओठांत महाराजांचे नाव चालूच असे.

त्या वर्षी तिचे घासणे तीन दिवस चालले. तिसऱ्या दुपारी तरीचे मालक विसाजीराव उंडीच्या तेलाचे डबे घेऊन आले. दोन दिवसांनी पलीकडे देवीची जत्रा होती, शेकडो माणसे तरीतून जायची होती.

"येसू, अगं तर आहे ही, देव्हारा नव्हे!" विसाजीराव हसले. "तेल ओतलं की सगळी घाण झाकली जाते. कोण बघतंय?"

"पाय बघतात ना, राव," येसू म्हणाली. "शेवाळावर तेल ओतलं तर दुप्पट निसरडं होईल. झालंच आहे माझं. तासभर ऊन लागू दे."

पण ऊन कुठले! वळवाची सर कोसळली आणि थांबली तेव्हा साऱ्या फळ्या चिंब झाल्या होत्या. वर आभाळ तसेच भरलेले.

"ओता तेल!" विसाजीरावांनी गड्यांना हुकूम सोडला.

येसू डब्यांपुढे आडवी उभी राहिली. "ओल्या लाकडात तेल मुरत नाही, राव. वरच राहील. माणसं पडतील."

"मग तुझ्या त्या झाडाखालच्या बाबाला सांग सुकवायला! दिवस मावळायच्या आत तेल लागलं नाही, तर उद्यापासून या धक्क्यावर पाऊल टाकायचं नाही."

येसूच्या डोळ्यांत पाणी आले. तिने झाडाकडे पाहिले, तर महाराज आधीच उठून तरीकडे येत होते! चढण्यापूर्वी त्यांनी काठावर पाय स्वच्छ धुतले.

"किती सुंदर घासलंय गं, बाय!" महाराज म्हणाले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून ओल्या फळ्यांवर पसरले, क्षणभर त्यावर तळवा ठेवला आणि ते उचलले. "विसाजीराव, जरा दुसरं टोक धरता? एकट्याने पिळवत नाही."

विसाजीरावांनी धक्क्यावरूनच हसत हसत टोक धरले. पहिल्या पिळ्याला घागरभर पाणी खाडीत पडले. दुसऱ्याला तेवढेच. तिसऱ्याला धार लागली ती थांबेचना. हातभर रुंदीचे ते उपरणे, आणि पाणी विहिरीतून उपसावे तसे! विसाजीरावांच्या कपाळावर घाम आला, दंड भरून आले, पण मुठी काही सुटेनात.

"पिळा, पिळा," महाराज प्रेमाने म्हणाले. "अजून तरीची मागची बाजू ओली आहे."

येसूचे लक्ष मात्र फळ्यांकडे होते. एकेका पिळ्यासरशी एकेक काळपट फळी पिवळसर होत होती, लाकडाच्या रेषा उमटत होत्या. तिने वाकून हात लावला. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी फळी कोमट नि कोरडी!

उपरण्यातून शेवटचा थेंब गळला. महाराजांनी ते झटकून खांद्यावर टाकले. "येसू, आता घाल तेल. सावकाश घाल, भरपूर पिऊ दे."

विसाजीराव पुढे झाले आणि तरीवर चढून महाराजांच्या पायांशी वाकणार, तोच येसू ओरडली, "राव, जोडे! चिखलाचे जोडे आहेत तुमचे!"

मालकाला असे बोलायची कुणाची छाती! विसाजीराव मागे गेले. त्यांनी जोडे काढले, गुडघाभर पाण्यात उतरून स्वतःच्या हातांनी पाय धुतले, धोतराच्या सोग्याने कोरडे केले.

"आता येऊ का, येसूबाई?" त्यांनी विचारले.

येसूने मान हलवली, तेव्हा कुठे ते वर आले आणि त्या कोऱ्या फळ्यांवर त्यांनी कपाळ टेकवले.