चिठ्ठीवर चार, पोत्यात चाळीस

देवाशपथ, ही गोष्ट खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण पाहिली.

फार पूर्वी एका वारुळाच्या दारावर गणोबा मुंगळा बसे. बाहेरून आलेल्या पोत्यावरची चिठ्ठी वाचायची आणि तेवढे दाणे मावतील अशा खळग्यात पोतं ओतायचं, हे त्याचं काम. शेजारच्या खळग्यात राणीचे हुकूम असत. तिथे जे पान सापडेल, ते मुंग्या मुकाट पाळत.

एकदा पालीने पोतं पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘दाणे चार’.

“गणोबा, पोतं केवढं फुगलंय! मोजा तरी,” चिमाबाई मुंगी म्हणाली.

“चिठ्ठी खोटं बोलेल होय? मागची रांग बघ, बये!”

गणोबाने पोतं ओतलं. चाळीस दाणे खळगा भरून शेजारी सांडले आणि पोत्याच्या तळाशी पालीने ठेवलेलं पान थेट राणीच्या हुकमांवर जाऊन पडलं: ‘सगळी अंडी दाराबाहेर मांडा.’ मुंग्यांनी ती ओळीत, नीट मांडली.

पाल पोहोचायच्या आत चिमाबाईने सगळी अंडी परत आत आणवली.

हे शेवटचं वाक्य तेवढं मी रचलं. पाल पोटभर जेवली आणि जाताना मुंग्यांच्या शिस्तीचं कौतुक करून गेली.