टिटवीचा पोशाख

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. ऐका, लहानांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण गोष्टीतली चूक मोठ्या माणसाची आहे.

एका तळ्याकाठच्या नगरात दरवर्षी वसंताच्या उत्सवाला टिटवीचा नाच व्हायचा. कथा अगदी साधी. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कोल्हा येतो. टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते, लंगडत लंगडत कोल्ह्याला लांब नेते आणि अंडी वाचली की एक उंच झेप घेऊन उडून जाते. ती झेप बघायला माणसं दहा-दहा कोस चालत यायची.

वर्षानुवर्षं टिटवी व्हायची वेणूआक्का. पुढं तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा तिनं आपल्या शिष्येला, कालिंदीला, पुढं केलं. "यंदा तू टिटवी," आक्का म्हणाली. दोन दिवस आनंदानं पोरीच्या घशाखाली घास उतरला नाही.

पोशाखाचं काम होतं राजवाड्याच्या शिंप्याकडं, भिकोबाकडं. हातात कला होती हो त्याच्या, उगाच नाही म्हणणार! मनानंही वाईट नव्हता. कालिंदीला भिंतीपाशी ताठ उभी करून त्यानं मापं घेतली, महिनाभर खपला आणि सात थरांचा घागरा शिवला. घेराला जर, जरीत आरसे आणि वर चांदीच्या तारेचे पंख.

उत्सव आठ दिवसांवर आला, तेव्हा राजासमोर रंगीत तालीम झाली. कालिंदी समोर आली आणि दरबाराचे डोळे दिपले. "वा, भिकोबा, वा!" भिकोबा मिशीतल्या मिशीत हसत होता.

आणि नाच? काही विचारू नका. कालिंदी अंड्यांवर बसायला गेली, तर घागरा ताठ उभाच. वळली, तर घेरानं लाकडाची तिन्ही अंडी गडगडत थेट कोल्ह्याच्या पायाशी नेऊन पोचवली. कोल्हा झालेला नट बिचारा बघतच राहिला. आता खायचं की पळायचं? शेवटची झेप तर वीतभरही उंच गेली नाही.

पण राजा खूश! म्हणाला, "असा पोशाख असल्यावर नाच कशाला हवा? उत्सवात टिटवीनं नुसतं मिरवून जावं."

तालीमखान्यात आल्यावर कालिंदीला रडू आवरेना. "आक्का, माझेच पाय कच्चे. माझ्यामुळं तुमचा नाच बुडाला. मी नाचणं सोडते."

आक्कानं तिच्या पायांवरून हात फिरवला. "पाय चांगले आहेत तुझे. डोळे पूस, आणि भिकोबाला बोलाव."

भिकोबा आला तो कौतुक ऐकायच्या तयारीनंच. आक्का म्हणाली, "फार देखणा झालाय रे पोशाख. जरा अंगावर चढवून दाखव."

"मी? आक्का, थट्टा करता काय गरिबाची!"

"चढव म्हणते ना."

आक्कापुढं राजाचंही चालत नसे, तिथं शिंप्याचं काय! भिकोबानं घागरा बांधला, पंख लावले. खाली आरसे, वर मिशा. नाच शिकणाऱ्या पोरी तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. मग आक्कानं त्याच्या पगडीत खोचलेली सुई काढली आणि जमिनीवर टाकली.

"उचल."

भिकोबा वाकला, तर घागऱ्याचा काठ पोटात रुतला. बसायला गेला, तर सातही थर आडवे आले. सुई गेली घेराखाली, दिसेनाशी झाली. भिकोबा घामाघूम झाला आणि शेवटी नुसता उभा राहिला.

"तुझी सुई तुला उचलता येईना, भिकोबा," आक्का हळूच म्हणाली. "या पोरीला तर उडायचंय."

भिकोबाला फार वाईट वाटलं. तो तसाच राजाकडं गेला. हो, पोशाख उतरवून गेला, हसू नका! "महाराज, माझं चुकलं," तो म्हणाला. "मापं घेतली उभ्या बाईची, आणि नाचायचं होतं टिटवीला. पोशाख बदलतो, पण नाच होऊ द्या." राजानं कुरकुरत होकार दिला.

दुसऱ्या दिवसापासून कालिंदी नाचायची आणि भिकोबा मापाची दोरी घेऊन तिच्यामागं धावायचा. ती वाकली की गुडघा मापायचा, हात पसरले की काख मापायचा. सकाळी तळ्याकाठी जाऊन खऱ्या टिटव्या बघायचा. बसलेली टिटवी मातीत मिसळून जाते आणि उडाली की पंखांतला पांढरा पट्टा चमकतो, हे त्याला तिथं कळलं. इतकी वर्षं तो त्याच काठावर राहत होता!

नवा पोशाख मऊ, पातळ, मातीच्या रंगाचा. कालिंदीनं तो घातला, एकदा खाली बसून उठली आणि हसली. किती दिवसांनी हसली!

उत्सवाच्या संध्याकाळी राजानं तोंड वाकडं केलं, "हे काय, एवढं साधं?" पण नाच सुरू झाला आणि राजा पुढं सरकून बघायला लागला. टिटवी मोडका पंख ओढत निघाली, तेव्हा गर्दीतली एक भाजीवाली म्हातारी उठून ओरडली, "जा गं बाई तू, अंड्यांकडं मी बघते!" कुणीही हसलं नाही. मग कालिंदीनं झेप घेतली. हात पसरले, काखेतल्या चुण्या उलगडल्या, आत लपवलेलं पांढरं कापड लखकन चमकलं, आणि अख्खं नगर उठून उभं राहिलं.

राजानं डोळे पुसले. "भिकोबा, आज तुला सुट्टी होती काय रे? पोशाख दिसलाच नाही. नुसती टिटवी दिसली."

भिकोबानं हात जोडले. "महाराज, माझं एवढं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं."

तेव्हापासून त्या नगरात नाचणाऱ्याचं माप उभं राहून घेत नाहीत. आधी नाचायला सांगतात.

तात्पर्य: दुसऱ्याला सजवताना त्याला काय करायचं आहे ते आधी पाहावं, नाहीतर आपली हौस त्याचं ओझं होते.